बिनगव्हाचे हेडमास्तर

माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि स्वयंपाकातल्या दोनच गोष्टी मला धड येत होत्या, मासळीचं कालवण आणि भात. आमच्या गावात तेवढ्यावर कुणी नावं ठेवत नसे. रेवस बंदरापासून चालत तासाभरावर गाव, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं. दाराबाहेर जे दिसे तेच ताटात येई. सासूबाई असत्या तर त्यांनी मला आणखी चार पदार्थ शिकवले असते. पण त्या वर्षी जूनमध्ये त्या नणंदेच्या बाळंतपणाला मुंबईला गेल्या आणि दिवाळीपर्यंत तिकडेच अडकल्या. घरात मी आणि हे. हे गावच्या हायस्कुलात मराठी आणि भूगोल शिकवत.

शाळा उघडून दोन दिवस झाले असतील. हे संध्याकाळी घरी आले, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि चहा पुढे आला तरी नुसते कपाकडे बघत बसले.

"आपल्याकडे उद्यापासून नवे हेडमास्तर जेवायला येणार आहेत. रात्रीचे."

"एक दिवस?"

"त्यांचं बिऱ्हाड येईपर्यंत."

"आणि ते कधी येणार?"

"दिवाळीनंतर," असं म्हणून ह्यांनी घाईघाईने चहा उचलला.

हेडमास्तर पुण्याचे, ब्राह्मण, हे मला ठाऊक होतं. शाकाहारी माणसाला आपल्या घरी जेवायला घालायचं म्हणून मी आधी घाबरले, मग मनाशी म्हटलं, पुऱ्या तळीन, शिरा करीन, पोळ्या लाटायला शिकेन. तसं मी ह्यांना बोलूनही दाखवलं. तेव्हा ह्यांनी उरलेली बातमी सांगितली.

"त्यांना गहू चालत नाही."

"चालत नाही म्हणजे? काशीला जाऊन सोडलाय का?"

"पोटाचं दुखणं आहे. मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, गव्हाचा कण पोटात जाता कामा नये. रवा नाही, मैदा नाही, काही नाही."

पाहुण्याचा मान ठेवायच्या आमच्याकडे दोनच तऱ्हा. खाणारा असेल तर पापलेट, कोलंबी. न खाणारा असेल तर पुरी, शिरा, पुरणपोळी. गहू आमच्या तांदळाच्या मुलखात यायचाच मुळी सणाला नाहीतर पाहुण्याला. हा पाहुणा असा, की त्याला मासळीही चालत नव्हती आणि तिच्या बदल्यात जे देतात तेही चालत नव्हतं.

"मग भटजींकडे का नाही जेवत? त्यांच्या घरी सोपं पडेल."

"मीही तेच सुचवलं," हे म्हणाले. "तर म्हणाले, गावात पाऊल ठेवल्याबरोबर मी ब्राह्मणाचं घर शोधत फिरलो, असं मुलांनी बघायला नको. मग खोलीतले सगळे मास्तर माझ्याकडे बघायला लागले. माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही."

दुसऱ्या दिवशी बरोबर सात वाजता हेडमास्तर आले. उंच, वाळलेले, कोट सैल झालेला. गणित शिकवत आणि बोलतही तसेच, मोजून. पाटावर बसले, खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि ताटाशेजारी उलगडून ठेवला. डॉक्टरांनी लिहून दिलेली यादी होती ती. गहू, रवा, मैदा, सातू, शेवया, पाव, बिस्किटं. मग एकेका वाटीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हे कशाचं?" मी दाराआडून उत्तरं दिली. भात तांदळाचा, वरण तुरीचं, भाजी बटाट्याची, पापड उडदाचा. प्रत्येक उत्तराला ते मान हलवत, जणू एकेक पायरी बरोबर येतेय.

दुसऱ्या दिवशी भात, वरण, बटाटा. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी हात धुताना ते म्हणाले, "वहिनी, बटाटा ही एक उत्तम भाजी आहे."

ते गेल्यावर हे म्हणाले, "कंटाळले."

"उत्तम म्हणाले की!"

"काल एका नापास मुलाच्या बापालाही ते असंच सांगत होते. मुलगा उत्तम आहे म्हणून."

सकाळी उठून मी भटजींच्या घरी गेले. भटजींच्या बायकोला सगळं गाव काकू म्हणे. चाळिशीच्या, खणखणीत आवाजाच्या, हातात विळी नाहीतर नारळ असल्याशिवाय मी त्यांना कधी बघितलं नाही. त्यांनी माझं सगळं रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं वेडे, रोजच्याला आपण कुठे गहू खातो? तांदूळ आहे, नाचणी आहे, वाल आहेत, कुळीथ आहेत, दारात नारळ आहे. त्या बिचाऱ्याला तर देवाने कोकणातच पाठवलंय. बस इथे, आधी घावन शीक."

माझं पहिलं घावन तव्यावरून निघालं नाही. दुसरं निघालं ते तुकड्यांनी. पाचवं मात्र कडेने आपोआप सुटलं, जाळीदार आणि पांढरं, आणि मी तव्यासमोर टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्याभरात काकूंनी मला तांदळाच्या उकडीची भाकरी शिकवली, कुळथाचं पिठलं शिकवलं, ताक आणि हिरवी मिरची घातलेली उकड शिकवली, केळफूल चिरताना हाताला तेल लावायचं शिकवलं. वालाचं बिरडं शिकवलं तेव्हा मोड आलेले वाल सोलून सोलून माझी नखं दुखायला लागली. त्या दिवशी हेडमास्तरांनी तीनदा वाढून घेतलं आणि कागद खिशातून काढायलाच विसरले.

दुपारी आम्ही आमचं खात होतो. पावसाळ्यात ताजी मासळी नसे, पण सुके बोंबील आणि सुकट भरपूर असे, आणि त्याचा वास घरातून घालवायचा म्हणजे केवढा खटाटोप. दोन वाजता मी सगळी खिडक्यादारं उघडून बसे, चूल सारवून घेई, भांडी राखेने आणि चिंचेने दोनदा घाशी. हेडमास्तरांची ताटवाटी वेगळ्या फळीवर होती. शेजाऱ्यांचं मांजर तेवढं मला वश होत नव्हतं. ते बरोबर सात वाजता येई आणि हेडमास्तरांच्या समोर बसून माझ्याकडे संशयाने बघे.

एकदाच मी काकूंना न विचारता माझी अक्कल चालवली. शेवळं नावाची एक रानभाजी पावसाच्या सुरुवातीला डोंगरातून येते. चवीला फार सुंदर, पण खाजरी. ती खाज मारायला बरोबर काकडं नावाची आंबट फळं घालावी लागतात. त्या दिवशी मला काकडं थोडीच मिळाली. वाटलं, चालेल. रात्री हेडमास्तर भाजी आवडीने जेवले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हे धावतपळत घरी आले.

"काय खायला घातलंस तू त्यांना? प्रार्थनेनंतर शिस्तीवर बोलायला उभे राहिले आणि दहा मिनिटं नुसते खाकरत होते! मुलांना वाटलं रागावलेत. सगळी पोरं भिंतीसारखी उभी."

संध्याकाळी मी भीत भीत ताट ठेवलं. हेडमास्तरांनी वाट्यांवरून नजर फिरवली. घसा अजून घोगरा होता.

"आज ती भाजी नाही ना?"

"नाही, सर."

"तिच्यात गहू नव्हता, एवढं मात्र खरं," असं म्हणून त्यांनी भात कालवला.

इतकी काळजी घेऊनही जुलैत त्यांचं पोट बिघडलं. मी काकूंना सांगितलं, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळी काय खातात?" सकाळी ते आपल्या खोलीवर मऊ भात आणि मेतकूट खात. मेतकुटाची बरणी घरून आणलेली. काकूंनी कपाळावर हात मारला. "मेतकुटात मूठभर गहू भाजून घालतात की!"

हेडमास्तरांना हे पटेना. "अशक्य. ते आमच्या हिने स्वतः केलेलं आहे," ते म्हणाले, जणू गहू परक्या माणसाच्या हातूनच पडू शकतो. पण तरी त्यांनी पुण्याला पत्र टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, ते त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं. 'मूठभरच असतो. त्यात काय एवढं?' बरणी आमच्याकडे आली. हे पुढे महिनाभर मेतकूट-भात खात होते.

मग तीन आठवडे छान गेले. हेडमास्तरांच्या गालांवर थोडं मांस दिसायला लागलं, कोट अंगावर बसायला लागला. मलाही आपण काहीतरी करतोय असं वाटायला लागलं. आणि श्रावण लागला तसं पुन्हा सुरू झालं. आठवड्यातून एक दिवस, कधी दोन दिवस ते जेवायला येत नसत. शाळेचा शिपाई निरोप घेऊन येई, "सर आज नुसतं ताक पितायत." मी त्या त्या दिवसावर कॅलेंडरमध्ये पेन्सिलीने फुली मारून ठेवी, कारण सासूबाईंना पत्रात सगळं सविस्तर कळवावं लागे.

एका संध्याकाळी ते दोन दिवसांनी आले. चेहरा उतरलेला. पाटावर बसले, पण ताटाला हात लावला नाही.

"वहिनी, राग मानू नका. पण ह्या घरात कुठूनतरी गहू येतोय."

माझा इतका संताप झाला की मी दाराआडून सरळ बाहेरच आले. काही न बोलता फळीवरचे सगळे डबे काढले आणि त्यांच्यासमोर रांगेने मांडले.

"बघा, सर. एकूण एक उघडून बघा."

मला वाटलं ते ओशाळतील. पण ते गणिताचे मास्तर होते. त्यांनी बाह्या सारल्या आणि खरोखरच एकेक डबा उघडायला लागले. चिमूट घेत, बोटांत चोळत, वास घेत. "तांदूळ. ठीक. नाचणी. ठीक. हे बेसन." ह्यांनी माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, भुवया उडवल्या, खोकले. मला काही उमजेना. उमजलं तेव्हा उशीर झाला होता. रागाच्या भरात मी आमचा सुकटीचा डबाही रांगेत ठेवला होता.

हेडमास्तरांनी झाकण काढलं आणि चांगलं नाक खुपसलं.

मांजर उठून उभं राहिलं. हेडमास्तरांनी अगदी हळू झाकण लावलं, डबा दोन्ही हातांनी बाजूला सरकवला आणि म्हणाले, "हे गहू नाही."

"नाही, सर," हे म्हणाले.

हसू आलं तरी माझा राग गेला नव्हता. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. पूजेबिजेची आमंत्रणं हे त्याच कॅलेंडरवर टिपून ठेवत, आणि श्रावणात आमच्या गावात घरोघरी सत्यनारायण. दुपारपासून ती दोन्ही टिपणं एकाच पानावर माझ्या डोळ्यांसमोर होती, पण धीर होत नव्हता.

"सर, ह्या शुक्रवारी पूजा. शनिवारी फुली. ह्या मंगळवारी पूजा, बुधवारी फुली. परवा खाडीकडच्या आळीत पूजा, काल आणि आज सकाळी तुम्ही आजारी. गणितच आहे, सर. प्रसादाचा शिरा कशाचा असतो?"

हेडमास्तरांनी फुल्यांवरून बोट फिरवलं. "प्रसाद," ते म्हणाले, "हा द्रोणात असतो. एवढासा. आणि प्रसादाला बाधा नसते असं म्हणतात."

"तुमच्या डॉक्टरांनी म्हटलंय?"

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू आमची बदली आत्ताच लिहून झाली. पण हेडमास्तर चिडले नाहीत. त्यांनी ती चार घड्यांची यादी काढली, पुन्हा ठेवून दिली.

"वहिनी, मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग खाता कशाला?"

"असं बघा. मी ब्राह्मण. एखाद्या कोळ्याच्या घरी पूजेला गेलो. घरातली बाई पदर खोचून, एवढ्या हौसेने द्रोण पुढे करते. मी म्हटलं, मला नको. ती गहू म्हणणार नाही, वहिनी. ती म्हणेल, हेडमास्तर आमच्या हातचं खात नाहीत. एकदा हे गावात पसरलं, की त्या आळीतली पोरं शाळेत पाठवायला मी कुठल्या तोंडाने सांगू? दोन दिवस पोट दुखतं. दुखू दे."

माझा राग गेला कुठल्या कुठे. संध्याकाळभर उगाच ह्या माणसाला डबे हुंगायला लावले असं वाटून मी ताट परत गरम करायला नेलं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. भटजी झोपाळ्यावर पंचांग बघत बसले होते. मी विचारलं, प्रसाद तांदळाच्या रव्याचा केला तर चालेल का?

"छे छे," भटजी म्हणाले. "गव्हाचाच. पूर्वापार गव्हाचाच. पोथीत तसं स्वच्छ लिहिलंय."

"आणा पोथी," आतून काकूंचा आवाज आला.

"अगं, मी तीस वर्षं वाचतोय ती."

"वाचताय हो. ऐकताय का कधी? आणा."

भटजींनी कुरकुरत पोथी सोडली. एरवी ते ती अशी म्हणत की आगगाडी पुलावरून जावी. त्या दिवशी बोट ठेवून, एकेक शब्द सोडवत वाचायला लागले. प्रसादाच्या जागी आले आणि अडखळले. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून पुसला.

"काय लिहिलंय?" काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गव्हाचं पीठ घ्यावं. आणि..." भटजी थांबले. "गहू नसेल तर तांदळाचं पीठही चालेल."

"झालं तर मग!"

"पण गहू नसेल तर, असं आहे. गावात गहू आहे की. अभाव कुठे आहे?"

"गावात नसेल, हेडमास्तरांच्या पोटात आहे!" काकू म्हणाल्या. "तिथे तर डॉक्टरने अभाव लिहूनच दिलाय."

भटजींनी पोथी बांधली आणि बराच वेळ झोपाळा हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "चालेल." तीस वर्षांनी पोथीत काहीतरी नवीन सापडल्याचा त्यांना नंतर नंतर अभिमानच वाटायला लागला, आणि गावभर ते आपणच शोधून काढल्यासारखं सांगत हिंडले.

पुढची पूजा नारळी पौर्णिमेच्या आधी, होडी पाण्यात घालायची म्हणून, खाडीकडच्या आळीत एका तांडेलाच्या, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याच्या, घरी होती. तांडेलाची बायको ऐकूनच हसायला लागली. "तांदलाचा परसाद? देवाला काय पेज पाजायची हाय?" शेवटी तो मीच करावा असं ठरलं. मी तांदळाचा रवा तुपावर भाजला, दूध, साखर, केळी, सगळं प्रमाणात घातलं. पण दूध कमी पडलं असावं. थोड्या वेळाने बघते तर पातेल्यात एकच मोठी वीट तयार झालेली. भटजींनी तिच्यावर भरपूर तुळशी टाकल्या आणि मला हळूच म्हणाले, "सुरी आण."

हेडमास्तर आले, नमस्कार केला. तांडेलाच्या बायकोने द्रोणात एक वडी ठेवून पुढे केली. हे त्यांच्या कानाशी लागून पुटपुटले, "तांदळाचा आहे, सर." हेडमास्तरांनी वडीकडे बघितलं, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे. खाल्ली. आणखी एक मागून घेतली.

तेवढ्यात तांडेल समोर येऊन बसला. त्याच्या बायकोला काकूंनी सगळं सांगून टाकलं होतं, आणि तिने त्याला.

"मास्तर, तुमाला गहू चालत न्हाय तं सांगाचं व्हतं."

हेडमास्तर गोंधळले. "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाईट कशाला वाटंल? माझ्या बापाला कोलंबी चालत न्हाय. खाल्ली का आंगभर गांधी उठतात. जल्माचा कोली, आन् कोलंबी न्हाय! आमी त्याला गावाभाईर काढला काय?"

आधी तांडेलाचा म्हातारा हसला, मग सगळं घर हसलं. हेडमास्तरांना मी तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने हसताना बघितलं. हसता हसता वडीचा तुकडा घशात अडकला आणि भटजींनी पाठीत धपाटे घातले.

दुसऱ्या दिवशी सातला दहा मिनिटं असतानाच मी दारात जाऊन उभी राहिले. सात वाजले, आणि कोपऱ्यावरून शिपायाच्या जागी सरांची छत्री दिसली. मी इतकी धावत आत गेले की घावनाचं पीठ सांडलं.

त्यानंतर श्रावण संपेपर्यंत गावात तांदळाच्या प्रसादाची चढाओढच लागली. कुणी नारळाचं दूध घातलं, कुणी गूळ, एका घरी हळदीच्या पानाचा वास दिला. एका घरी म्हातारीने हट्टाने गव्हाचाही केला, आणि दोन पातेल्यांमध्ये हेडमास्तरांचं पातेलं ओळखू यावं म्हणून त्यावर खडूने 'शाळा' असं लिहिलं होतं. गणपतीत तर काही प्रश्नच नव्हता. मोदक तांदळाचेच. त्यांनी आमच्याकडे अकरा खाल्ले, मोजून.

दिवाळी झाली, सासूबाई परत आल्या, आणि दोन दिवसांनी लाँचने हेडमास्तरांचं बिऱ्हाडही आलं. त्यांची पत्नी ठेंगणी, हसतमुख, पण फार टापटिपीची. तिसऱ्याच दिवशी वही आणि पेन्सील घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

"मेतकुटाचं मला फार लागून राहिलंय हो," त्या म्हणाल्या. "आता सगळं नीट लिहूनच घेते. घावनाला पीठ किती?"

"अंदाजाने."

"पाणी?"

"ताकापेक्षा थोडं पातळ होईतो."

"ताक कसलं? आमच्याकडचं की तुमच्याकडचं?"

मी विचारात पडले. त्यांनी लिहिलं, 'पाणी, ताक बघून.' असं तासभर चाललं. शेवटी वहीत चौदा पदार्थ झाले आणि एकाचंही माप नव्हतं. बिरड्यापुढे त्यांनी नुसतं 'वाल, धीर' असं लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी बाजारातून ताजे बोंबील आणले. पाच महिन्यांनी आम्ही रात्री मासळी खाणार होतो. कढईत तेल तापलं, आणि बरोबर सात वाजता दारावर टकटक झाली. दारात हेडमास्तर.

"सहज आलो," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, "हिची घावनं तव्याला चिकटलीत. सगळीच."

मी बोंबील झाकून ठेवले, तवा चढवला. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत माजघरात गेल्या. पहिलं घावन ताटात पडतं न पडतं तोच दारात हेडमास्तरांची पत्नी उभी. हातात कालथा, नाकाला पीठ लागलेलं.

"हे इथे आलेत का?" त्यांनी विचारलं. मग ताटाकडे बघितलं, तव्याकडे बघितलं, आणि नवऱ्याशेजारी पाट ओढून बसल्या. "वहिनी, मला दोन घाला. पण मी बसलेय तिथून तवा नीट दिसू दे."

दोघंही जेवून गेली. आम्ही बोंबील तळले तेव्हा आठ वाजून गेले होते.